नेटपाशी

८ जानेवारी

काच पुरवणारा व्यापारी दर वर्षी एक डायरी देतो. आजवर त्या सगळ्या दुकानात फोटोफ्रेमची मापं लिहिण्यात गेल्या. ही मी घरी आणली, कारण परवा माझा उजवा गुडघा बदलायचा आहे आणि पुढचे काही महिने मापं घ्यायला मी दुकानात नसेन. हे असतील. त्यांच्या हातून चौकटीचे कोपरे कसे जुळतील ते देवच जाणे, पण एका वेळी एकच काळजी करायची असं मी ठरवलंय.

आज डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. विचारलं, गुडघा बदलल्यावर तुम्हाला काय काय करता यायला हवंय? इतर बायका म्हणे सांगतात, जिना चढायचाय, नातवंडांमागे फिरायचंय. मी सांगितलं, बॅडमिंटन कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यातून स्मॅश मारायचाय. त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. हे खिडकीतून बाहेर बघत होते. अशा वेळी यांना खिडकी बरोबर सापडते.

डॉक्टर म्हणाले, दुहेरी कदाचित खेळाल, पण सहा महिन्यांनी आणि जपून. उड्या नाहीत, उलटं धावणं नाही, आणि तेही गुडघा काय म्हणतो ते बघून. म्हणजे हो म्हणाले. आमची स्पर्धा नोव्हेंबरात असते. भरपूर वेळ आहे.

येताना गाडी धाकटी चालवत होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती आणि दीर वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. सव्वीस वर्षं आम्ही दोघी जोडीनं दुहेरी खेळतोय. मागची बाजू माझी, नेट तिचं. शटल उंच आलं की मी "सोड" म्हणते, ती सोडते आणि मी मारते. जावाजावांचं एवढं जमलेलं बघून लोकांना नवल वाटतं. त्यात नवल काय? कुणी कुठं उभं राहायचं ते पहिल्याच दिवशी ठरलं की पुढे वाद होत नाहीत. गेली काही वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडतोय हे खरं, पण त्याचं कारण माझा गुडघा. आता कारणच काढून टाकणार.

धाकटीला सांगून ठेवलं, मी येईपर्यंत दुसऱ्या कुणाबरोबर खेळू नकोस, सवयी बिघडतात. नुसता सर्व्हिसचा सराव कर. ती "बरं, वहिनी" म्हणाली आणि गिअर बदलला.

१६ जानेवारी

झालं. काल घरी आले. माझ्यात आता धातू आहे, प्लास्टिक आहे, आणि मांडीपासून खाली एक सरळ शिवण आहे. शिवण सुबक आहे. कापाकापीच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे मला चांगलं काम ओळखता येतं.

दुखणं किती असतं हे कुणीच खरं सांगत नाही. मी सांगते. भूल उतरली तेव्हा वाटलं की जुना गुडघा परत मागावा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं वॉकर पुढे ठेवून उभं राहा म्हटलं तेव्हा मी तिला काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण उभी राहिले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

धाकटीनं वरून त्यांची उंच लाकडी खुर्ची खाली आणून ठेवली होती. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला होता. मला न विचारता. दांडा दोन बोटं वर हवा होता, पण चालेल.

४ फेब्रुवारी

फिजिओ एक दिवसाआड येते. वयानं माझ्याहून थोडीच लहान, निवृत्तीला टेकलेली, पण आवाज असा की गल्लीतलं कुत्रं उठून बसतं. मी तिचं नाव फौजदार ठेवलंय. तोंडावर नाही. ती टाच धरून पाय मागे सरकवते आणि वर म्हणते, "श्वास घ्या." जणू मी तो घ्यायला विसरणार होते.

जिन्याचा नियम शिकले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. फौजदारांनी दहा वेळा म्हणून घेतलं. मी म्हटलं, एकदा सांगितलेलं मला कळतं. त्या म्हणाल्या, "कळतं हो, पण तुम्ही ऐकता का ते बघतेय."

हे रोज दुकानातून फोन करतात. आज विचारत होते, जाड काचेला कटर किती दाबायचा. मी म्हटलं, दाबायचा नसतो, चालवायचा असतो. पलीकडून काच तडकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, कळलं.

३ मार्च

वाईट दिवस. लिहायचं नव्हतं, पण चांगलं तेवढंच लिहिलं तर ती डायरी कसली? जाहिरात व्हायची.

गुडघा वाकत नाहीये. काटकोनाच्या अलीकडेच अडतो. आत कुणीतरी पाचर मारल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या भेटीपर्यंत वाकला नाही तर पुन्हा भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल. मी हसत हो म्हटलं आणि घरी येऊन नळ सोडून बाथरूममध्ये रडले. नळाचा उपयोग झाला नाही. यांनी बाहेरून नुसतं दार वाजवलं आणि "टॉवेल ठेवलाय" म्हणाले.

मनात आलं, मी उगाच बढाया मारल्या. साठी उलटलेली बाई, काय करायचेत स्मॅश? फ्रेमच्या दुकानात उभं राहता आलं तरी पुष्कळ. पण मग आठवलं की तेही अजून येत नाहीये.

१० मार्च

धाकटी रोज सकाळ-संध्याकाळ खाली येते. फौजदारांकडून शिकून घेतलंय तिनं. मी पलंगाच्या कडेला बसते, ती जमिनीवर बसून माझा घोटा दोन्ही हातांनी धरते आणि हळूहळू मागे नेते. पहिल्या दिवशी मी तिला नाही नाही ते बोलले. तुझ्या हाताला हाडं आहेत की सांडशी, तुला मजा येतेय, तुझ्या माहेरची माणसंच अशी. ती सोडून जाईल असं वाटलं. तिनं मान वर केली नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं बोलून? अजून एकदा."

इतक्या वर्षांत ही बाई माझ्यापुढे कधी एवढं बोलली नव्हती. आजारपणात माणसं जरा डोक्यावर बसतातच. बरी झाले की होईल नीट.

२६ मार्च

वाकला! डॉक्टरांनी मोजलं आणि म्हणाले, भूल नको, छान चाललंय. मी म्हटलं, मला खात्री होतीच. धाकटी तिथंच उभी होती, ती हसली.

९ एप्रिल

पहिल्यांदा दुकानात गेले, काठी घेऊन. यांनी कापायचं मोठं टेबल मागच्या भिंतीकडून उचलून खिडकीखाली आणलंय. वीस वर्षं ते भिंतीपाशी होतं. विचारलं, कुणाला विचारून? म्हणाले, इथं उजेड पडतो, कोपरा जुळलाय का ते दिसतं. कोपरे पाहिले. जुळले होते. ठीक आहे, पण पुढच्या आठवड्यात टेबल पुन्हा जागेवर जाईल.

एक गिऱ्हाईक बाई प्रशस्तिपत्रक फ्रेम करायला आली होती. तिच्याकडून कळलं की धाकटी हॉलवर पोस्टातलीबरोबर खेळते. पोस्टातली म्हणजे पोस्टाच्या खिडकीवर बसणारी उंच बाई, दोन वर्षांपूर्वी आलेली. "तुमच्या जाऊबाई काय खेळतात हो," असं ती गिऱ्हाईक म्हणाली. मी म्हटलं, हो, मीच तयार केलंय.

सरावाला समोर कुणीतरी लागतंच. माझी काही हरकत नाही. तिनं मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

१४ मे

आज काठीशिवाय हॉलवर गेले. कुणाला न सांगता, बघायला म्हणून. तोच लाकडी मजला, तोच घामाचा आणि रबराचा वास. बाकावर मागच्या रांगेत बसले.

धाकटी मागे होती. मागे! नेटपाशी पोस्टातली वाकून उभी आणि मागचं सगळं कोर्ट धाकटीचं. शटल उंच आलं. ती आडवी सरकत गेली, आणि मनगट असं फिरवलं की शटल पलीकडच्या रेषेवर जाऊन पडलं. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही. पुढचं हळूच नेटमागे टाकलं. त्याच्या पुढचं दोघींच्या मधोमध. शेजारच्या कोर्टावरचे लोक आपला खेळ थांबवून बघत होते.

मग तिनं मला पाहिलं. पुढचंच शटल नेटमध्ये. त्याच्या पुढचं बाहेर. म्हणजे माझ्या हाकेशिवाय तिचं काही खरं नाही, हे सिद्ध झालं.

घरी यांना सगळं सांगितलं. सवयी बिघडतायत, कानामागून आली आणि तिखट झाली ती पोस्टातली. हे काच पुसत होते. म्हणाले, "तिनं तुला कधी विचारलं होतं का, मी मागे खेळू का म्हणून?"

आठवून सांगितलं, पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं होतं, तयार झालीस की सांगेन.

"मग?"

मग काय? विषय तिथंच संपला. तिनं परत काढला नाही. यांनी ती काच पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली. स्वच्छ होती.

१३ जुलै

डॉक्टरांनी परवानगी दिली. हलकं खेळा, कोर्टाच्या मागच्या भागात उलटं पळू नका, उडी नको. वाकून पुढे पाय टाकायला हरकत नाही, सवय करा. गुडघ्यात टक् असा आवाज येतो, तो म्हणे चालतो. शिवणीच्या बाहेरच्या बाजूला एक तळहाताएवढी जागा बधिर आहे. तिथं बोट लावलं की दुसऱ्याच कुणाच्या पायाला लावल्यासारखं वाटतं. तेही चालतं म्हणे.

एक गोष्ट डॉक्टरांना सांगितली नाही. मी उजव्या हातानं खेळते, म्हणजे पुढचं शटल उचलायला उजवा पायच लांब टाकावा लागतो. घरातल्या बोळात रॅकेट घेऊन करून पाहिलं. पाय निघत नाही. दुखत नाही, अडतही नाही, नुसता निघत नाही. मी मनात म्हणते टाक, आणि डावा पाय पुढे जातो. वीस वेळा केलं, वीस वेळा डावा. धातूला काही होणार नाही हे मला ठाऊक आहे. पायाला कुणी सांगितलेलं नाही.

होईल. मागच्या बाजूला त्याची गरज कमी पडते.

१७ ऑगस्ट

आज आम्ही दोघी एकत्र खेळलो. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

समोर क्लबातल्याच दोघी होत्या. मी सवयीनं मागे जाऊन उभी राहिले. धाकटीनं माझ्याकडे, मग पायाकडे पाहिलं आणि पुढे गेली. थोडा वेळ बरं चाललं. मग एक उंच शटल आलं, माझ्या डोक्यावरून मागे. मी "सोड" म्हटलं आणि उलट्या पावलांनी निघाले. उजवा पाय टेकताना माझा तोल गेला. पडले नाही, पण हात हवेत. तेवढ्यात धाकटी नेटवरून वळून धावत आली, माझ्या बाजूनं गेली आणि तिनं ते शटल मारलं. गुण आम्हाला मिळाला.

मी म्हटलं, मी सोड म्हटलं होतं. ती म्हणाली, ऐकलं. मी म्हटलं, मग? तिनं समोरच्या दोघींना हात करून खेळ थांबवला आणि बाकावर जाऊन बसली. मीही गेले. रॅकेटचा पट्टा मनगटाभोवती गुंडाळत ती बोलली. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं.

"वहिनी, मला मागे खेळायचंय. मला ते येतं. आणि ते मला आवडतं."

मी म्हटलं, बरं, आपण बघू, स्पर्धा झाली की.

"नोव्हेंबरला मी पोस्टातल्या बाईंबरोबर नाव दिलंय."

कधी, असं विचारलं. म्हणाली, जूनमध्ये. तेव्हा तुम्ही खेळायला याल की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. सांगितलं का नाहीस, विचारलं. तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. "रोज सांगायला खाली येत होते. तुम्ही रोज नोव्हेंबरचे बेत सांगायचात. मग राहून जायचं."

घरी एकाच गाडीतून आलो. सगळ्या वाटेत मी खिडकीबाहेर बघत राहिले. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदाच.

१९ ऑगस्ट

काही लिहिण्यासारखं नाही.

२५ ऑगस्ट

वरून पावलं ऐकू येतात. ती कधी निघते, कधी येते, सगळं छतातून कळतं. मी कान देत नाही.

यांच्याकडे तक्रार केली की मी तिला घडवलं आणि तिनं हे केलं. हे म्हणाले, "ती तुझा पाय वाकवायला यायची तेव्हा मी दाराबाहेर उभा असायचो. तू तिला जे बोलायचीस ते ऐकून मी असतो तर दुसऱ्या दिवशी आलो नसतो." एवढं लांब वाक्य यांनी लग्नानंतर एकदम बोललेलं मला आठवत नाही. मग खिडकीकडे गेले.

६ सप्टेंबर

दवाखान्यात फौजदारांकडे शेवटची तपासणी. त्यांनी पाय वाकवून, ताणून, एका पायावर उभं करून पाहिलं. म्हणाल्या, गुडघा उत्तम आहे, तोंड का उतरलंय? मी म्हटलं, खेळायला गुडघा आहे, जोडीदार नाही. सगळं सांगून टाकलं. फौजदारांना सांगणं सोपं असतं, त्या बिचारं वगैरे म्हणत नाहीत.

फौजदार हात धुवत म्हणाल्या, "नाव द्यायची शेवटची तारीख काय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या कॉलेजात असताना खेळायच्या, नंतरही अधूनमधून. स्पर्धेच्या वयोगटात बसतात. अट एकच: मागे त्या, नेटपाशी मी. "तुम्हाला उलटं पळताना बघायची माझी तयारी नाही. माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल."

नेटपाशी! मी! पण मग वाटलं, दुधाची तहान ताकावर भागवायची तर ताक तरी पिऊन बघावं. हो म्हटलं.

घरी आल्यावर जिन्याखालून धाकटीला हाक मारून सांगितलं. ती कठड्यावर वाकून म्हणाली, "फौजदार? खरंच?" आणि इतकी हसली की दीर बाहेर आले. हे नाव मी तिच्याजवळ कधी बोलले ते आठवत नाही. तिच्या हसण्यानं मला बरं वाटलं, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

२८ सप्टेंबर

फौजदार कोर्टावर "सोडा!" असं ओरडतात. शटल माझ्या डोक्यावर येतं, मी रॅकेट उचलते, अगदी माझ्या हातातलं असतं, आणि मागून "सोडा!" कानाला फार उद्धट वाटतं. लहान मुलानं चुलीशी हात नेल्यावर ओरडावं तसं. आज शेवटी सांगितलं की जरा सौम्यपणे म्हणा. त्या म्हणाल्या, खेळात सौम्यपणे म्हणायला वेळ नसतो. मुद्दा बरोबर आहे. मीही हेच म्हटलं असतं. तरी उद्धट वाटतंच.

नेटपाशी काम खूप असतं, हे मला माहीत नव्हतं. मागून वाटायचं, पुढची नुसती उभी आहे. इथं उभं राहून समोरचीचं मनगट वाचावं लागतं. रॅकेट सतत वर. आणि मागे काय चाललंय ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मागच्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकावा लागतो. धाकटी हे इतकी वर्षं कशी करत होती कोण जाणे. तिच्या स्वभावात असेल.

दुकानातलं टेबल अजून खिडकीखालीच आहे. हलवायला माणसं मिळत नाहीत.

२५ ऑक्टोबर

नेटचा खेळ मला जमतोय. जमतोय म्हणजे काय, चांगलाच जमतोय. सर्व्हिस तर पहिल्यापासून चांगली होती. डावीकडचं घेते, समोरचं घेते. उजवीकडे नेटच्या जवळ पडलेलं मात्र राहतं. पाय अजून निघत नाही. फौजदारांच्या लक्षात आलंय. त्या रोज माझ्या उजवीकडे जमिनीवर खडूनं खूण करतात आणि म्हणतात, इथं पाय टाका. सरावात खुणेवर कधी कधी पडतो. शटल आलं की नाही. शटल बघितलं की मी पाय विसरते आणि पाय मला.

आशा आहे की हे कुणाच्या लक्षात येणार नाही. एकच बाई आहे जी माझा पाय माझ्याहून जास्त ओळखते, आणि ती दुसऱ्या बाजूला असेल तर बघू.

२२ नोव्हेंबर

फार दमलेय, डोळे मिटतायत. पण आजच लिहायला हवं.

काल पहिली फेरी जिंकलो. होय. समोरच्या दोघी आमच्याहून तरुण होत्या, पण फौजदारांचा आवाज ऐकून निम्म्या गारद झाल्या. दुसऱ्या फेरीत, म्हणजे सेमीफायनलला, समोर कोण ते मला आदल्या दिवशीपासून ठाऊक होतं: धाकटी आणि पोस्टातली.

सकाळी नेहमीसारख्या एकाच गाडीतून गेलो. फौजदार मागच्या सीटवर, माझ्या गुडघ्याला पट्टी लावायला. धाकटीनं विचारलं, वहिनी, पाणी घेतलंत का. मी म्हटलं, घेतलंय.

पहिला गेम त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. दुसरा आम्ही घेतला तेव्हा बाकांवरून टाळ्या पडल्या, हे बाकावर उभे राहिले, आणि मला फार आनंद झाला. तो आनंद तिसऱ्या गेमच्या सुरुवातीपर्यंत टिकला. मग माझ्या लक्षात आलं. धाकटीकडून येणारं प्रत्येक शटल माझ्या हातात येत होतं. पुढे, डावीकडे, छातीसमोर. उजवीकडे नेटजवळ एकही नाही. सगळ्या खेळात एकही नाही. पोस्टातली टाकायची, पण ती नेटवर असल्यामुळे तिला संधी कमी. धाकटीला दर दुसऱ्या शटलला संधी होती. मेमध्ये मी तिला हॉलवर पाहिलंय. ती ते शटल झोपेतही टाकू शकते.

मध्यंतरात बाजू बदलताना मी नेटपाशी थांबले. ती पाणी पीत होती. मी म्हटलं, तू मला ताटात वाढतेयस.

ती म्हणाली, काही नाही तसं.

मी म्हटलं, माझ्या उजवीकडे टाक.

तिनं बाटली खाली ठेवली. "वहिनी, तो गुडघा मी वाकवलाय. मला माहितीय तो."

मला काय झालं ते माहीत नाही. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, "मग मला आजारी समजून खेळू नकोस! माझ्याशी खेळ!"

पंचांनी विचारलं, काही अडचण आहे का. फौजदार मागून म्हणाल्या, काही नाही, घरचं आहे.

खेळ सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या शटलला धाकटी मागे गेली, रॅकेट स्मॅशसाठी उचललं आणि ऐनवेळी मनगट मऊ केलं. शटल माझ्या उजवीकडे, नेटच्या पट्टीला चाटून खाली. मी बघत राहिले. पाय जागचा हलला नाही. गुण गेला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी परत टाकलेलं शटल तिनं रॅकेटवर झेललं आणि सर्व्हिसला उभी राहिली.

पुढच्या रॅलीत पुन्हा तेच. पुन्हा बघत राहिले. मला तेव्हा वाटलं की मीच मागून घेतलेलं हे मला पेलणार नाही, आणि आता ही थांबणारही नाही. ती थांबू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

तिसऱ्यांदा तिनं टाकलं तेव्हा मी शटल पाहिलंच नाही. तिचं मनगट पाहिलं. ते मऊ होताना दिसलं, आणि शटल सुटायच्या आधीच माझा पाय निघाला होता. उजवा. लांब, पार पुढे, टाच आधी टेकली, गुडघा वाकला, वाकत गेला, जिथवर तिनं मार्चमध्ये नेला होता तिथवर गेला, आणि त्यानं मला धरलं. रॅकेट जमिनीच्या वर बोटभर असेल. शटल उचललं गेलं, नेटच्या पट्टीवर क्षणभर रेंगाळलं आणि त्यांच्या बाजूला पडलं. पोस्टातली वाकली तोवर उशीर झाला होता.

मी तशीच खाली अडकून होते, उठता येईना. फौजदारांनी काखेत हात घालून उठवलं. हॉल टाळ्या वाजवत होता म्हणे, मला ऐकू आलं नाही. धाकटी मागच्या रेषेवर उभी होती, कमरेवर हात ठेवून. ती हसत नव्हती. पुढच्या शटलची तयारी करत होती. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, जणू मी कुणीतरी परकी, चांगली खेळाडू आहे.

हरलो. फार फरकानं नाही. शेवटचे सगळे गुण तिनं मागून मारून घेतले, आणि खरं लिहायचं तर त्यांतला एकही मला मागे असताना कधी जमला नसता. तो कोपरा तिचा आहे.

हस्तांदोलनाला नेटपाशी आलो. पोस्टातली फार चांगली बाई आहे, हात घट्ट धरते. धाकटीनं माझा हात धरला आणि आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

२३ नोव्हेंबर

गुडघा सुजलाय, गरम आहे. फौजदारांनी फोनवर विचारलं, सूज किती, रंग कसा, आणि दोन दिवस सक्त विश्रांती सांगितली. फोन ठेवताना म्हणाल्या, "पाय छान टाकलात." त्यांच्या तोंडून कौतुक ऐकून मी फोनकडेच बघत राहिले.

दुपारी धाकटी बर्फाची पिशवी घेऊन खाली आली. पाय उशीवर घेतला आणि पिशवी नीट बसवली. आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. दुकानाचं, तिच्या वरच्या गळक्या नळाचं. टेबल खिडकीखालीच बरं दिसतं असं ती म्हणाली. मी म्हटलं, हो, मलाही तसंच वाटायला लागलंय.

मग मी विचारलं, ते शटल मी उचलीन असं तुला वाटलं होतं का?

ती म्हणाली, नाही.

"मग तिसऱ्यांदा का टाकलंस?"

तिनं पिशवी उलटी केली. "तुम्ही तसं खेळ म्हणालात म्हणून." आणि खाली बघतच, "आणि मला जिंकायचं होतं म्हणून."

पहिलं कारण ऐकून बरं वाटलं. दुसरं ऐकून त्याहून बरं वाटलं. असं का, ते नीट सांगता येत नाही.

ती वर गेली. उद्या तिची फायनल आहे. विश्रांती खुर्चीत बसूनही घेता येते, म्हणून मी बघायला जाणार आहे. हे गाडी काढतील. बाकावर शांत बसायचं, मागून काही सूचना द्यायच्या नाहीत, असं मी पक्कं ठरवलंय. निदान पहिला गेम तरी.